किती टेबले सांभाळली, हे अहवालात लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५ मध्ये शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून कार्यालयांचे मूल्यमापन करून घेतले आणि महाराष्ट्रदिनी निकाल जाहीर केला. त्याचे स्वागतच आहे. पण कार्यालयाला गुण मिळाले, तरी तिथल्या एकेका टेबलावर काय चालते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचा दरवर्षीचा कार्यमूल्यमापन अहवाल आहे, आणि नेमका तोच उरकून टाकला जातो.

महसूल खात्यातल्या नोकरीत हे मी जवळून पाहिले. स्वयंमूल्यमापनात मागच्या वर्षीचाच मजकूर उतरतो, प्रतिवेदन अधिकाऱ्याचे, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाचे, शेरे ठरलेले असतात आणि प्रतवारी देताना हात सैल सुटतो. कमी प्रतवारी दिली की कर्मचारी दाद मागतो, मग कारणे शोधत बसावे लागते. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहवालातली प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे असे सांगितले. निकाल योग्यच होता; माहीत नसलेल्या शेऱ्यामुळे कोणाची पदोन्नती का अडावी? मात्र त्यानंतर शेऱ्याला आकड्यांचा आधार द्यायला हवा होता, तो आजही फारसा दिसत नाही.

आकडे कार्यालयातच असतात. कार्यविवरण नोंदवहीत किती पत्रे आली, किती निकाली निघाली, किती शिल्लक राहिली याचा गोषवारा काढायचा असतो. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार कोणाकडेही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घातली, चुकणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली.

पण नुसती शिल्लक मोजली तर मोठा अन्याय होईल. पदे रिक्त असल्याने एकेक लिपिक दोन-तीन टेबले ओढतो, वर निवडणुकीचे काम येते. त्याची शिल्लक जास्त दिसणारच. शिवाय तातडीची फाइल साहेब हमखास त्याच्याकडेच देतात, कारण ती पुढे जाईल याची खात्री असते. वर्षअखेरीस त्याला आणि कामचुकाराला एकच प्रतवारी मिळते. अशी चांगली माणसे हळूहळू मन काढून घेताना मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

म्हणून अहवालाच्या नमुन्यात चार रकाने सक्तीचे करावेत: किती टेबले सांभाळली, आवक किती, निकाली किती आणि मुदतीबाहेर किती. अतिरिक्त कार्यभाराचे आदेश तारखेसह जोडावेत. आणि एक अट हवीच. दर खेपेला नवी त्रुटी काढून अर्ज परत पाठवायचा आणि नोंदवहीत निकाली दाखवायचा, ही पळवाट सर्वांना माहीत आहे. पहिल्याच तपासणीत सगळ्या त्रुटी एकदम कळवल्या नसतील, तर ते प्रकरण त्या टेबलावर शिल्लकच धरावे.

— एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा