नावे नाहीत म्हणून बातमी खोटी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरच्या मजुरांना होणाऱ्या सिलिकोसिसवर (दगडाची पूड श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग) पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने आपल्याकडे लिहिलेल्या वृत्तांताबद्दल कालच्या अंकात आलेले पत्र वाचले आणि अजून चीड गेलेली नाही. वृत्तांतात एकाही रुग्णाचे नाव नाही, गावाचे नाही, ठेकेदाराचेही नाही, मग हे सगळे कॉलेजातल्या मुलीने घरात बसून लिहिले नसेल कशावरून, असे पत्रलेखक विचारतात. पुढे सल्लाही देतात की असली पाहणी करणे हे संस्थांचे काम, पत्रकारितेच्या विद्यार्थिनीने आधी परीक्षा द्यावी. त्यांना वाटले ते त्यांनी लिहिले. पण त्या पत्रावर 'वृत्तांत की कल्पनाविलास?' हा जाड टाइपातला मथळा कोणी चढवला? तो आपल्या कचेरीतच तयार झाला असणार. वृत्तांत छापण्याआधी आपण त्या मुलीचे कागद पाहिले असतीलच. मग पत्राखाली 'नावे व संमतीपत्रे संपादकीय विभागाने पाहिली आहेत' एवढी एका ओळीची टीप द्यायला काय अडचण होती?

मी इथल्या, इंदुरातल्या, एका मोठ्या रुग्णालयातून एक्स-रे टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. गुजरातेतल्या गोध्रा-बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ (गारेचा दगड) दळण्याच्या कारखान्यांतून परतलेली माणसे मी मशीनपुढे उभी केली आहेत. विशी-पंचविशीतली पोरे. 'श्वास घे आणि धरून ठेव' म्हटले की त्यांना तो धरता येत नसे, खोकल्याची उबळ येई आणि फिल्म हलून जाई. दुसरी काढावी लागे. फिल्म धुऊन वाळत लावली की दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात पसरलेले बारीक ठिपके दिसत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र बहुतेक वेळा टीबी लिहिलेले. थुंकीत जंतू सापडत नसत, तरी गोळ्या सुरू होत. एक कोर्स संपला की दुसरा. दगडाची पूड फुप्फुसात जाऊन बसली की ती कुठल्याही गोळीने निघत नाही. उलट अशा फुप्फुसाला पुढे खरोखरचा टीबीही लवकर धरतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढाच शब्द असे. कसली मजुरी, कुठल्या कारखान्यात, कोणत्या साली, कोणी नेले, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. तेव्हा लागू होता तो कारखाना अधिनियम 1948 चा. त्यात सिलिकोसिस हा कळवण्याजोगा रोग होता, म्हणजे असा रुग्ण आढळला की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाकडे कळवणे बंधनकारक होते. विचारलेच नाही तर कळवणार काय? त्या मुलीने गंगवाल बसस्थानकावरून गाडी धरून, पाड्यांवर जाऊन, नेमके हेच प्रश्न विचारले आहेत. कारखाना, साल, हंगाम, नेणारा माणूस. पत्रलेखकांनी वृत्तांतातला तो भाग वाचलेला दिसत नाही.

आता नावांविषयी. माझ्या नोकरीतली एक घटना सांगते. अलीराजपूरकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. त्याची फिल्म इतकी स्पष्ट होती की आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी चिठ्ठीवर टीबीऐवजी सिलिकोसिसची शंका लिहिली आणि पुन्हा बोलावले. विभागातल्याच कोणीतरी ही गोष्ट बाहेर बोलले. कोण, ते कधी कळले नाही. पुढच्या तारखेला नवरा-बायको आली नाहीत. नंतर दीर आला, त्याच्याकडून समजले की ठेकेदाराचा माणूस घरी जाऊन बसला होता. 'भरपाई मिळवून देतो' म्हणून फिल्म आणि चिठ्ठी घेऊन गेला, हातावर थोडे पैसे ठेवले आणि एका कागदावर बाईचा अंगठा घेतला. कागदावर काय होते ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. कारखान्याने ना हजेरीकार्ड दिले होते, ना पगाराची पावती. तो माणूस तिथे राबला याचा जगात एकच पुरावा होता, त्याची छाती, आणि तिचे चित्र ठेकेदाराच्या पिशवीत गेले. तो पुढे किती दिवस जगला, मला माहीत नाही. दीर स्वतः मात्र पुन्हा त्याच ठेकेदाराकडून दिवाळीआधीची उचल घेऊन कामाला गेला, कारण गावात दुसरी उचल देणारा कोणी नव्हता.

पत्रलेखकांना हवी आहेत ती नावे अशा घरांची आहेत. वृत्तपत्रात गावासकट नाव आले की ठेकेदाराला शोधायचेही कष्ट नाहीत. ती मुलगी नात्याने माझी कोणी नाही. जुन्या फिल्म कशा वाचतात, टीबी आणि सिलिकोसिस यांतला फरक साध्या डोळ्याला कितपत कळतो, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती. तिच्या वहीत गावांच्या जागी आकडे होते आणि नावांची यादी ती सोबत बाळगत नव्हती. मी एका रुग्णाबद्दल सहज विचारले, तर 'मावशी, ते नाही सांगता येणार' म्हणाली. मला तिचे कौतुक वाटले. आमच्या विभागात एवढी शिस्त असती तर ती बाई दुसऱ्या तारखेला आली असती.

'संस्थांचे काम' म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. या मजुरांची याचिका 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये शिफारस केली, आणि मृत्यू पावलेल्या 238 मजुरांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत असा न्यायालयाचा आदेश व्हायला 2016 उजाडले. हे 238 कुठल्या सरकारी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेले नव्हते. घरोघर बसून कोणीतरी विचारले, कोण कुठे कामाला गेला आणि कधी वारला, तेव्हा यादी झाली. तसे विचारणारा पगारी असो, संस्थेचा असो की विद्यार्थी, यादी खरी असली म्हणजे झाले. स्वतः आयोग विद्यार्थ्यांना इंटर्नशिपसाठी बोलावतो. 'नई दुनिया'च्या राहुल बारपुत्यांसारखा संपादक ज्या शहराने पाहिला, तिथे विद्यार्थिनीने खेड्यात जाऊन बातमी आणली तर तिची उलटतपासणी व्हावी याचे मला फार वाईट वाटते. ती मराठी शाळेत शिकलेली नाही, इंदुरात आता मराठी शाळेत मुली शिकतात तरी किती! तरी तिने मेहनतीने मराठीत लिहिले.

आणखी एक सांगायचे आहे. तिने वृत्तांतासोबत एक चौकट दिली होती, तक्रार कशी करावी याची. ती छापली गेली नाही. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात आमच्या मंडळाच्या सत्काराची छायाचित्रे होती, शाल-श्रीफळ घेतलेल्या सगळ्यांची. मंडळाची मी आजीव सभासद आहे, तरीही म्हणते की त्यातली दोन छायाचित्रे कमी चालली असती. आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर आणि मराठीतही ती करता येते, पीडिताच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येते. पण घटना घडल्यापासून वर्षभरात केली नाही तर आयोग ती चौकशीला घेऊ शकत नाही. मृत्यूची तारीख म्हणूनच महत्त्वाची, आणि मुलीने प्रत्येक मृत्यूपुढे महिना आणि साल दिले आहे. त्यातल्या काही घरांची मुदत अजून संपलेली नाही.

राहिलेली चौकट येत्या रविवारी छापावी आणि कालच्या पत्राबाबतची टीपही त्यासोबत द्यावी, ही विनंती. झाबुआ, धार, अलीराजपूरकडे नोकरीला असलेली आपली किती तरी मराठी माणसे, शिक्षक, पोस्टातले, दवाखान्यातले, हे वृत्तपत्र घेतात. कोणाच्या पाड्यावर असा रुग्ण असेल तर त्याची फिल्म आणि केसपेपर कोणाच्याही हाती देऊ नयेत, आधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, हेही त्या चौकटीत माझ्यातर्फे जोडावे.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
राजेंद्र नगर, इंदूर