फॅमिकॉमचा अडॅप्टर

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

जपानी फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचं जुनं गेम मशीन मिळालं, छान झालं. पण त्याच्यासोबतचा अडॅप्टर आपल्या प्लगात खोचू नकोस. तो 100 व्होल्टचा आहे, 230 वर जळेल. त्याच्यासाठी 230 चे 100 करणारं स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं धूड आणण्यापेक्षा नवा अडॅप्टर घे.

जुन्यावर 'डीसी 10 व्होल्ट, 850 मिलीअँपिअर' असं असतं. मशीनच्या आत 7805 रेग्युलेटर त्याचे 5 व्होल्ट करतो, म्हणून 9 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, मशीन हवा तेवढाच करंट ओढतं. कमी पडले तर चित्र हलतं किंवा गेम मध्येच रिसेट होतो. व्होल्टचं तसं नाही. 9 ला वरचे 4 व्होल्ट 7805 उष्णता करून टाकतो, 12 ला 7. म्हणजे पावणेदोनपट ताप, तोही चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला!

खरी मेख पोलॅरिटीत, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या जागेत आहे. फॅमिकॉमला पिनच्या आत निगेटिव्ह लागतं, बाहेर पॉझिटिव्ह. तापकीर गल्लीत राउटर नि सीसीटीव्हीचे जे अडॅप्टर मिळतात, ते बहुतेक उलटे. पिन तीच, 5.5 बाय 2.1 मिमीची, सुखाने आत जाते आणि तिथेच घात होतो. 'बसतंय ना, मग चालेल' असं दुकानदार म्हणेल. तू लेबलवरचं गोल चिन्ह बघ, मधला ठिपका उणेला जोडलेला हवा. गिटार पेडलचे 9 व्होल्टचे अडॅप्टर साधारणपणे आत निगेटिव्हच असतात, फक्त 1 अँपिअरचा माग, त्यात कमी अँपिअरचे बरेच असतात.

एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन भावंडाचा अडॅप्टर कुणी देऊ केला तर नको म्हण. तो 9 व्होल्ट एसी देतो. एनईएसमध्ये एसीचं डीसी करणारा ब्रिज आहे, फॅमिकॉममध्ये नाही.

उलट्या पोलॅरिटीचाच मिळाला तर अडॅप्टर भिंतीतून काढून त्याची वायर मध्ये काप, दोन तारा अदलाबदल करून सोल्डर कर, प्रत्येकीवर वेगळी इन्सुलेशनची स्लीव्ह चढव. मग मल्टिमीटर डीसी 20 वर ठेवून लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेर लाव. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं पाहिजे. जुन्या पद्धतीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर लोड नसताना 12-13 दाखवेल, त्याला घाबरू नकोस. हलक्या, नव्या पद्धतीच्या स्विचिंगवाल्याने मात्र 9 च्या आसपासच दाखवायला हवं.

अडॅप्टरवर 'फॅमिकॉम' अशी चिठ्ठी चिकटव, नाहीतर उद्या घरातलं कुणीतरी तो राउटरला लावेल.

तुझा,
मिलिंद