प्लॉट पाडण्याआधी पाण्याचा विचार करा

महोदय,

ग्रामीण भागातील घराच्या जागेचे लहान प्लॉट पाडताना सगळी चर्चा हद्दीच्या खुणा आणि चौरस मीटर यांवरच होते. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, हे कोणी विचारत नाही. मला खरी काळजी याचीच वाटते.

जिथे गटारयोजना नाही, तिथे प्रत्येक घराला स्वतःची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा लागतो. विहीर त्यापासून 15 ते 30 मीटर लांब असावी, असे अनेक ठिकाणचे नियम सांगतात. आता 40 मीटर रुंद जागेचे चार सारखे पट्टे पाडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 10 मीटर रुंदी येते. एकाने पुढच्या बाजूला बोअर घेतली आणि शेजाऱ्यानेही आपल्या पुढच्या बाजूलाच शोषखड्डा खोदला, की अंतराचा नियम कागदावरच राहिला. मैल्यातून झिरपून विहिरीच्या पाण्यात मिसळणारे नायट्रेट (नत्राचे एक संयुग) डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम ठेवली आहे, ती मुख्यतः पाण्यात कालवलेले पावडरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना जपण्यासाठी.

मागच्या प्लॉटची वाटही तोंडी कबुलीवर सोडू नये. तिची रुंदी नकाशात आणि खरेदीखतात लिहिलेली हवी.

मंजुरी देणाऱ्यांना विनंती, की आधी माती किती पाणी शोषते ते तपासा, विहिरी व शोषखड्ड्यांच्या जागा नकाशावर दाखवायला लावा आणि मगच प्लॉटची संख्या ठरवा. चाराऐवजी दोनच बसत असतील, तर दोनच मंजूर करा.

– एक वाचक