नाणी जमवायला लागायचं वय

अंबाजोगाई

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. मार्चमध्ये तू निवृत्त होणार, नातीनं बिस्किटाच्या डब्यात नाणी साठवायला घेतलीत, तिचं बघून तुलाही हुरूप आलाय, आणि तरी विचारतोस, "हे वय आहे का आपलं?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

हा नाद बहुतेकांना लागतो तो तिसरी-चौथीपासून सातवीपर्यंत. आपल्या वेळी तर नाणीच अशी होती की लेकरू गुंतलंच पाहिजे. दोन पैशाला नागमोडी कड, तीन पैशाला सहा कोपरे, पाच पैसे चौकोनी, आणि कमळाचं चित्र असलेला तो पिवळा वीस पैसा. 1968 ते 1971 एवढीच वर्षं तो निघाला. डोळे मिटून खिशात हात घातला तरी कोणतं नाणं आहे ते कळायचं. राजा कोणता, टांकसाळ कुठली, हे त्या वयात कुणी विचारत नाही. लेकराला आकार आणि चित्र पुरतं. तुझ्या नातीला आज वीस रुपयांचं बाराकोनी नाणं तसंच ओढत असणार.

मग दहावी येते, वसतिगृह येतं, डबा माळ्यावर जातो. पुढची पस्तीस-चाळीस वर्षं कोरडी. संभाजीनगरला नाण्यांच्या प्रदर्शनात मी दर वेळी बघतो : टेबलाच्या आत पिकल्या केसांची माणसं, बाहेर शाळकरी पोरं. मधल्या वयाचे दिसतात ते पोरांना घेऊन आलेले. स्वतःहून येणाऱ्या तिशीतल्या मंडळींपैकी बरेच जण पैशाच्या आशेनं आलेले असतात. वैष्णोदेवीचं 2012 चं पाच रुपयांचं नाणं लाखो रुपयांना जातं, असा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला असतो. त्याची किंमत तेवढी नाही. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये जाहीरपणे बजावलं होतं. या पोरांचं मला फार वाईट वाटतं. पहिल्याच पायरीवर कुणी त्यांना लुबाडतं, आणि मग ती पुन्हा नाण्याकडं वळून बघत नाहीत. त्यातले कितीतरी उत्तम संग्राहक झाले असते.

पैठण-तेरच्या पोरांची गोष्ट निराळी. तिथं वय मोजायचं कारणच पडत नाही. पावसानं पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती धुपली की सातवाहनांची नाणी वर येतात. काही शिशाची, काही तांब्याची, कुठं एका बाजूला हत्ती अन् दुसऱ्या बाजूला ते चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू आयुष्यभर जपल्या. आज गावात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. नातीला घेऊन एकदा जाऊन ये. मात्र तिला एवढं आत्ताच सांगून ठेव की जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा 1878 चा आहे आणि अजून लागू आहे.

आता तुझ्याबद्दल. साठीला सुरुवात करणारा माणूस चित्राकडं बघत नाही, तो माणसं शोधतो. हे नाणं कुणाच्या कनवटीला होतं, त्यात काय यायचं, ते कुठल्या बाजारात मोडलं. म्हणून मला वाटतं की तुझं वय किती झालं हे विचारूच नकोस. काकूंचं, तुझ्या आईचं, वय किती झालं ते विचार. तू म्हणतोस त्या अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या. म्हणजे 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या असतील. त्यांनी हाली रुपयानं बाजार केलेला आहे! इंग्रजांचा तो कलदार, निजामाचा तो हाली. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, इंग्रजी मुलखात पाऊल टाकलं की हा हिशेब करावाच लागे. पुस्तकात हा दर मिळतो. पण आठवडी बाजारात रुपये बदलून देताना बट्टा, म्हणजे वटाव, कोण घ्यायचं, बायामाणसं हा हिशेब कसा करायच्या, लग्नाच्या आहेरात कोणता रुपया चालायचा, हे सांगणारी माणसं आता मोजकीच उरलीत. तू मार्चची वाट बघतोस. मी म्हणतो, या आठवड्यात सुरू कर.

तुमच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया मांडतात, तो मी पाहिलाय. त्यावर चारमिनार आहे. मधल्या कमानीत भिंग धरून बघ, एक उर्दू अक्षर दिसेल. ते 'ऐन' असेल तर रुपया शेवटच्या निजामाचा, उस्मान अलीचा, म्हणजे 1911 नंतरचा. 'मीम' असेल तर त्याच्या बापाचा, महबूब अलीचा. आपल्याला ती लिपी येत नाही म्हणून घाबरू नकोस. ही दोन अक्षरं कागदावर काढून पाठवतोय. ती नातीला दे आणि ओळखायला तिलाच सांग. पोरांची नजर अशा कामात आपल्यापेक्षा तेज असते.

खरेदी मात्र इतक्यात करू नकोस, बरं का. वर्षभर तरी नाही. आधी घरातली नाणी, मग शेजारपाजारची, मग किराणा दुकानाच्या गल्ल्यातली. सालाखाली छोटा तारा असेल तर ते नाणं हैदराबादच्या टांकसाळीतलं, पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. एवढ्यावर नातीचा महिना सहज जाईल. ठेवायला साधी कागदी पाकिटं घे. त्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत तांब्याची नाणी हिरवी पडतात. पाकिटावर लिहायचं ते एवढंच : कुणाकडून मिळालं, कधी, आणि देताना ते माणूस काय म्हणालं.

काकूंजवळ बसशील तेव्हा प्रश्नांची यादी घेऊन बसू नकोस, गड्या. त्या गप्प होतील. नाणी त्यांच्या ओंजळीत दे आणि नातीला शेजारी बसव. "आज्जी, याचं काय यायचं?" हा प्रश्न तिनं विचारला तर उत्तर येईल, आपण विचारला तर "आता काय आठवतंय बाबा" एवढंच मिळतं. जमलं तर फोनवर आवाज टिपून ठेव.

भाऊबीज झाली की मी एसटीनं येतोय. भिंग, थोडी पाकिटं आणि माझ्याकडच्या दोन दुदांडी शिवराया, मराठेशाहीतली तांब्याची नाणी, नातीसाठी आणतो. तोवर एक काम कर : या दिवाळीत पूजेचा रुपया चिंच लावून घासू नका असं वहिनींना आजच सांग. घासला की कमानीतलं ते अक्षर पुसट होतं, आणि एकदा गेलेली धार परत येत नाही. नुसत्या पाण्यानं धुवा, मऊ कपड्यानं टिपा.

काकूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
अंबाजोगाईचा दोस्त