ताई, आपल्या दिंडीची वेबसाईट आता अण्णांना पण वाचता येते

ताई, राम कृष्ण हरी.

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहायलोय. तू जे काम केलंस ते गंगाखेड-परळीकडच्या दुसऱ्या दिंड्यांनी, सप्ताह कमिट्यांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतं, आणि आभार मानायचे तर नेमके कशाचे ते सांगूनच मानावेत. नुसतं छान वेबसाईट करून दिली, धन्यवाद, एवढ्यावर भागणार नाही.

पहिल्या मीटिंगला लोकांनी तुला भरपूर गोष्टी सांगितल्या. वर पांडुरंगाचा मोठा फोटो, खाली सरकणारे फोटो, पान उघडलं की अभंग सुरू, भगव्यावर पांढरी अक्षरं, अध्यक्षांचं मनोगत, देणगीचा क्यूआर कोड. तू सगळं वहीत लिहून घेतलंस आणि मग एकच विचारलंस, ही साईट उघडणारा माणूस कोण असंल आणि त्या वेळेला त्याला काय पाहिजे असंल? मग एकेकजण बोलायला लागला. पुण्याला कामाला असलेलं पोरगं, त्याची माय दिंडीत चाललीय, त्याला आज मुक्काम कुठंय ते पाहिजे. पहिल्यांदाच वारीला निघालेल्या बाईला सोबत काय घ्यायचं, झोपायची-अंघोळीची सोय काय, चालवेना तर गाडीत बसता येतं का हे पाहिजे. सप्ताहाला येणाऱ्या पाव्हण्याला आज कीर्तन कुणाचं आणि किती वाजता. मनोगत खाली घ्या असं मग अध्यक्ष स्वतःच म्हणाले, क्यूआर पण खाली गेला, आणि पहिल्या पानावर सगळ्यात वर 'आज दिंडी कुठंय' हे आलं, खाली मुक्कामाचं गाव, उद्याचं गाव, आणि दाबलं की फोन लागणारं मोठं बटण. माझ्या मते अर्धी वेबसाईट त्या एका प्रश्नानंच तयार झाली.

आता अण्णांचं सांगतो. आपल्या मंडळात मृदंगाला अण्णांशिवाय दुसरा माणूस नाही आणि अण्णांना डोळ्यांनी काहीच दिसत नाही हे पंचक्रोशीला माहितीय. मोबाईल मात्र ते टॉकबॅक लावून झकास वापरतात, बोट ठेवलं की फोन बोलतो. पण आपली पत्रिका कायम डीटीपीवाल्याकडून डिझाईन होऊन फोटो म्हणून ग्रुपवर यायची आणि तिच्यावर बोट ठेवलं की फोन नुसता 'फोटो' म्हणायचा, आत कीर्तनकाराचं नाव, वेळ, काल्याची तारीख सगळं असून अण्णांच्या हातात काहीच नाही. मग नातवाला विचारायचं, ते पण नातू शाळेतून आल्यावर. जन्मभर सप्ताहाला मृदंग वाजवणाऱ्या माणसाला सप्ताहाचाच कार्यक्रम दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा, आणि आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, तुला वाटलं.

तू मंदिराच्या ओसरीवर त्यांच्या शेजारी बसलीस, फोनची स्क्रीन काळी करून घेतलीस म्हणजे तुला पण काही दिसू नये, आणि म्हणालीस, अण्णा, उद्याचं कीर्तन किती वाजता ते काढा बरं. अण्णा बोट सरकवायलेत आणि फोन मेनूतली नावं एकेक वाचायलाय, मुख्यपान, इतिहास, परंपरा, विश्वस्त, फोटो, किती वेळ झाला तरी कीर्तन काही येईना. तू तिथंच लॅपटॉप उघडलास, मेनू छाटलास, सगळ्यात वर 'थेट मजकुराकडे' अशी लिंक टाकलीस आणि प्रत्येक भागाला खरं हेडिंग दिलंस. खरं म्हणजे काय ते तू समजावून सांगितलंस तेव्हा कळालं, की अक्षर मोठं आणि जाड केलं की ते आपल्याला हेडिंग दिसतं, पण टॉकबॅकला कोडमधीच सांगावं लागतं हे हेडिंग आहे म्हणून, तरच माणूस एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारत जाऊ शकतो. तयार टेम्प्लेटमधी पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती ती पण तू मराठी केलीस, नाहीतर फोन इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो. दुसऱ्या खेपेला अण्णांनी पटकन 'रात्री नऊ ते अकरा' असं मोठ्यानं सांगितलं आणि लगेच विचारलं, परवाचं बघू का. आपोआप वाजणारा अभंग पण तेव्हाच बंद झाला. अण्णांच्या फोनचा आवाज आणि अभंगाचा आवाज एकात एक मिसळला तर त्यांना दोन्ही ऐकू येणार नाहीत, हे कुणाला वेगळं सांगावंच लागलं नाही.

रंगावरून मात्र कुरबूर झाली, भगवा काढायचा म्हणजे काय. तू वाद घातला नाहीस, आकडे दाखवलेस. वेबसाईट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे नियम आहेत, 2023 च्या ऑक्टोबरमधी त्याची 2.2 ही आवृत्ती आली, त्यात साध्या अक्षराच्या आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक कमीत कमी साडेचारास एक पाहिजे. झेंड्याच्या भगव्यावर पांढरं अक्षर टाकलं तर तो फरक दोनाच्या जरासा वर जातो, तेच अक्षर काळं केलं तर दहाच्या जवळ. मग भगवा राहिला आणि अक्षरं काळी झाली, वाद मिटला. त्याचा फायदा म्हाताऱ्यांनाच झाला असं नाही, भर उन्हात रस्त्यावर फोन बघणाऱ्या आपल्या पोरांना पण झाला. अक्षर दुप्पट मोठं केलं तरी पान आडवं सरकवावं लागत नाही, हे आमच्या आईला लई आवडलंय.

भजनांच्या फाईलीचं काम सगळ्यात किचकट आणि त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्याकडं काकड्याचे, वारकरी पंचपदीचे अभंग जुन्या फॉन्टात टाईप केलेले पडून होते. त्या फॉन्टात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो, म्हणून दुसऱ्या मोबाईलवर उघडलं की नुसता कचरा दिसायचा, शोधायला गेलं तर सापडत नव्हतं, आणि अण्णांचा फोन तर काहीतरीच बरळायचा. तू सगळं युनिकोडमधी, म्हणजे कुठल्याही फोनला देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, फिरवलंस. फिरवताना रफार इकडचा तिकडं, जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या उड्या मारलेल्या, ते एकेक ओळ छापील गाथेशी लावून तपासायला तू मंडळातल्या म्हाताऱ्यांना बसवलंस, आणि त्यांना ते काम इतकं भावलं की जेवायची आठवण करून द्यावी लागायची. कंपनीची नोकरी सांभाळून रात्री तू त्या दुरुस्त्या टाकत होतीस, त्याचं मोल आम्हाला करता येणार नाही.

तारखांचं पण चांगलं केलंस. आषाढी 2024 ला 17 जुलैला होती, 2025 ला 6 जुलैला, दर वर्षी हलणारच, त्यामुळं मागच्या साली टाकलेली तारीख तशीच राहिली की बाहेरगावचा माणूस फसतो. तू प्रत्येक ठिकाणी तिथी, तारीख, वार आणि साल चारही लिहायचा नियम घालून दिलास आणि झालेले कार्यक्रम 'मागील वर्षं' मधी आपोआप जातील असं केलंस. फोटोंचं तर आम्ही धरूनच चाललो होतो की हजार टाकायचे. तू थोडेच निवडलेस, हलके करून टाकलेस म्हणजे बालाघाटच्या डोंगरात रेंज कमी असली तरी पान उघडंल, प्रत्येकाखाली फोटोत काय चाललंय ते शब्दांत लिहिलंस, आणि बायाबापड्यांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो नाही, कुणाचा घरचा नंबर नाही, हे ठणकावून सांगितलंस. ते बरोबरच होतं.

आणि शेवटी डोमेन, म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर न ठेवता मंडळाच्या नावावर घेतलंस, दर वर्षीची फी मंडळाच्या हिशोबात धरायला लावलीस, पासवर्ड तिघांकडं दिलास आणि दोन पोरांना शेजारी बसवून शिकवलंस. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी देवस्थानांच्या साईटी करून देणारा माणूस लांब गेला की बंद पडल्या. आपली पडली नाही. यंदा कळंबच्या मुक्कामाची जागा ऐनवेळी बदलली, तर पोरांनी रस्त्यातून मोबाईलवरच पान बदललं आणि अण्णांनी आपल्या फोनवर ऐकून 'नवीन पत्ता बरोबर आलाय' म्हणून सांगितलं. तुला फोन करायची गरज पडली नाही म्हणून तुला हे कळालं नसंल, ते आज कळवायलोय.

सप्ताहाच्या काल्याला जावईबापू आणि लेकरांना घेऊन ये. तारीख वेबसाईटवर आहेच.

आपल्या दिंडीच्या वतीनं, लई लई आभार.

तुझा,
मंडळाचा चिटणीस