शोधनिकालांचा कल स्क्रीनशॉटवरून कळत नाही

संपादक महोदय,

सर्च इंजिन एकाच बाजूची मते पुढे करते, अशी तक्रार करणारे बहुतेक जण पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट दाखवतात. तक्रार खरी असेलही. पण कल मोजावा लागतो, आणि तो मोजता येतो.

‘शाळेत गणवेश सक्तीचा असावा का’ हा विषय घ्या. ‘गणवेशाचे फायदे’ असे शोधले, तर अनुकूल लेख येणारच. म्हणून प्रश्न तटस्थ हवा, तोही वेगवेगळ्या शब्दांत, लॉग-आउट करून विचारलेला. मग किमान दोघांनी, एकमेकांचे न पाहता, प्रत्येक पानाला −३ (ठाम विरोध) ते +३ (ठाम पाठिंबा) असे गुण द्यावेत. संकेतस्थळाचे नाव आणि निकालाचा क्रमांक झाकून ठेवावा, नाहीतर नाव पाहूनच गुण पडतात. विषय सोडून असलेल्या पानाला शून्य देऊ नये, ते यादीतूनच काढावे. नाहीतर कल आहे त्याहून सौम्य दिसतो.

खरी गोम क्रमात आहे. दहांपैकी पाच निकाल बाजूने, पाच विरोधात म्हणजे बरोबरी, असे वाटते. पण लोक वरचेच निकाल उघडतात. म्हणून क्रमांकात एक मिळवून त्याचा दोनच्या पायाचा लॉग (दोनचा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा) काढतात आणि एकाला त्याने भागून वजन ठरवतात : पहिल्याला १, दुसऱ्याला ०.६३, तिसऱ्याला ०.५, दहाव्याला ०.२९. वरचे पाचही एकाच बाजूचे असले, तर वजनांच्या बेरजेत हीच बरोबरी ६५-३५ होते. एकाआड एक लावले तरी साधारण ५५-४५, कारण पहिली जागा फार जड. पहिला निकाल एका बाजूचा असेल, तर दुसरा, तिसरा, चौथा, सहावा आणि आठवा दुसऱ्या बाजूला द्यावा. मग ५१-४९ वर येते. मात्र ही अदलाबदल जवळपास सारख्याच उपयुक्त पानांमध्ये करावी. निकस पान केवळ बाजू भरायला वर आणले, तर त्या बाजूचेच नुकसान होते.

क्रमाला दोष देण्याआधी पहिले शंभर निकाल वजन न लावता तपासावेत. तिथेच एक बाजू भरून वाहत असेल, तर दुसऱ्या बाजूची पाने मुळात कमी आहेत किंवा यंत्रापर्यंत पोहोचलेली नाहीत. अशा वेळी वरची दहा पाने कितीही हलवली, तरी मूळ दुखणे तसेच राहते.

आणि हे सारे मतभेदाच्या विषयांपुरते. ‘लशीमुळे ऑटिझम होतो का’ याला दोन बाजू नाहीत. तिथे ५०-५० साधणे म्हणजे वाचकाची दिशाभूल.

आपला,
एक वाचक