पत्रिकावाल्या काकांना, चौथीच्या वर्गाकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले की तुमच्या छापखान्यात वर्गणीच्या पावती पुस्तकांची झुंबड असते, हे साऱ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. त्या गडबडीत तुम्ही अख्खी दुपार आमच्या चौथीच्या मुलांना दिलीत. त्याबद्दल हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर.

शिक्षक दिनाची कार्डं मुलांनी हातानं करावीत, असा माझा हट्ट. दुकानातलं चकचकीत कार्ड आणणाऱ्या मुलाकडे बाकीची बघत बसतात, ते मला सोसत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येकाला जाड कागद आणायचा कुठून? मी तुमच्याकडे पत्रिकांची कातरणं मागायला आले. तुम्ही लग्नसराईतल्या उरलेल्या पट्ट्यांचं पोतंच काढून दिलंत. ‘रद्दीत किलोवर जातंय, घेऊन जा’ म्हणालात. तेवढ्यावरही मी खूश होते.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीचे. तुम्ही स्वतः शाळेत आलात आणि घडी कशी घालायची ते दाखवलंत. आर्ट कार्ड नुसतं दुमडलं की वरचा चकचकीत थर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. म्हणून आधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलीनं खाच पाडायची, मग दुमडायचं. कागदालाही धागा असतो, त्याच्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घातली की रुसते, हे तुम्ही पोरांना दोन्हीकडून वाकवून बघायला लावलंत. गुळगुळीत बाजूवर स्केचपेन फिसकटतं, मजकूर मागच्या खरखरीत बाजूला लिहा, हेही तुमचंच. कार्यानुभवाच्या तासाला इतकी शांतता मी क्वचित पाहिली आहे.

आता कार्डांचं सांगते. एकाच्या वाट्याला सोनेरी ‘शुभविवाह’चा तुकडा आला होता. त्यानं ‘विवाह’ कापून टाकला आणि ‘शुभ’च्या खाली हिरव्या पेनानं ‘शिक्षक दिन’ लिहून मोकळा! गणिताच्या सरांना फॉइलचा गणपती मिळाला. एका मुलीनं ठसठशीत कुंकवाची, डोक्यावर पदर घेतलेली सावित्रीबाई काढली. ‘अगं, ५ सप्टेंबर राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, सावित्रीबाईंचा ३ जानेवारी,’ असं शेजारणीनं तिला सुनावलं. राधाकृष्णन यांच्या १८८८ मधल्या जन्मापासून १९६२ मध्ये शिक्षक दिन सुरू होईपर्यंत सगळं भाषण त्या शेजारणीचं पाठ होतं. तर ही म्हणाली, ‘मला त्यांची पगडी जमत नाही.’ विषय संपला.

मला मिळालेल्या एका कार्डात लिहिलंय, ‘बाई तुम्ही रागवता पन लगेच हसता.’ त्या ‘पन’ला मी लाल पेन लावलेलं नाही. आईनं मोबाइलवर बघून करून दिलेली दोन-तीन कार्डंही आली. ती लांबूनच ओळखू येतात, त्यांतल्या घड्या फार सरळ असतात. चालायचंच.

आणि हो, खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही कार्ड गेलं. मी सुचवलं नव्हतं. मुलांनी परस्पर ठरवलं, आणि मावशींनी ते डाळीच्या डब्यामागे उभं करून ठेवलंय.

तुमच्या नावाचंही एक कार्ड तयार आहे. त्यावर कटिंग मशीन काढलंय. पातं जरा तलवारीसारखं झालंय, ते समजून घ्या. गौरी-गणपतीची सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे ते द्यायला येतोय. मुलांना मशीन चालू असताना बघायचंय. मी त्यांना दाराशीच उभं करीन, तुम्ही मात्र लाडानं कुणाला आत घेऊ नका. चहा नको, पोरं पुष्कळ आहेत. जमलं तर कातरणांचं आणखी एक पोतं बाजूला काढून ठेवा, दिवाळीची भेटकार्डं करायची आहेत.

आपली,
चौथीच्या बाई